जीईचं 'प्रेडिक्स' नक्की कशानं बसलं? (आणि आमच्या मशिनांचं काय करू?)

भोसरीचा_टर्नर
मंडळी नमस्कार. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं भोसरीत मशीन शॉप आहे. सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभी मशीनिंग सेंटरं) आणि बाकी जुना माल. गेल्या महिन्यात एक विक्रेता आला होता. सगळी मशिनं क्लाउडला जोडणार, मोबाईलवर सगळं दिसणार, मशीन बिघडायच्या आधीच कळणार वगैरे. मालकांनी चहा होईपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "अरे, जीईवाले (जनरल इलेक्ट्रिक) हेच करायला निघाले होते ना? त्यांना झेपलं नाही, ते आपल्याला कसं झेपणार?"

आता याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो. हाती लागलं ते असं. २०११ मध्ये जीईनं कॅलिफोर्नियात सॅन रॅमॉनला सॉफ्टवेअर केंद्र काढलं, सिस्कोतून बिल रू यांना आणलं आणि १ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये 'इंडस्ट्रियल इंटरनेट'वर एक पुस्तिका काढली. तिच्यातला १ टक्क्याचा हिशोब फार गाजला: विमानांच्या इंधनात १ टक्का वाचला तर १५ वर्षांत ३० अब्ज डॉलर, गॅसवरच्या वीजकेंद्रांत ६६ अब्ज. २०१३ ला प्रेडिक्सची, म्हणजे मशिनांचा डेटा क्लाउडवर गोळा करून तपासणाऱ्या प्लॅटफॉर्मची घोषणा. २०१५ ला सगळं सॉफ्टवेअर एकत्र करून 'जीई डिजिटल'. २०२० पर्यंत जगातल्या पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत बसायचं आणि १५ अब्ज डॉलरचा धंदा करायचा, असं तेव्हाचे प्रमुख जेफ इमेल्ट सांगत होते. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला आपल्या चाकणच्या कारखान्याचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. २० कोटी डॉलरची गुंतवणूक, विमानाच्या इंजिनाचे भाग आणि पवनचक्कीचे भाग एकाच छपराखाली. 'ब्रिलियंट फॅक्टरी' म्हणून त्याचा जगभर गवगवा झाला.

आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये? जीई डिजिटलची वेगळी कंपनी काढणार, रू बाहेर पडणार. ती वेगळी कंपनी पुढे उभी राहिलीच नाही.

माझं मत असं की तंत्रज्ञानात खोट नव्हती, कंपनीच आडवी आली. पण जाणकारांनी सांगावं. मालकांना पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.

अर्धाकपचहा
पहिला! लांबलचक प्रतिसाद येणार असं दिसतंय. बसायला जागा धरून ठेवतो.

मोडबसमामा
टर्नरसाहेब, मालकांना माझा नमस्कार सांगा. चहाच्या एका कपात त्यांनी सगळा मुद्दा पकडला.

मी चिंचवडला ऑटोमेशनची कामं घेतो. पॅनल, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), स्काडा (मशिनांवर पडद्यावरून लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर), जे पडेल ते. या धंद्यात आल्यापासून बघतोय, डेटा नाही अशी फॅक्टरी मला फारशी भेटलेली नाही. डेटा असतो, पण प्रत्येक मशीन आपापल्या भाषेत बोलतं. एका लाइनवर मित्सुबिशी, शेजारी सीमेन्स, सीएनसीवर फॅनक, एनर्जी मीटरवर मोडबस. हे मोडबस १९७९ चं आहे बरं का, मॉडिकॉन कंपनीनं आपल्या पीएलसीसाठी काढलेलं, आणि आजही नव्या मीटरच्या मागच्या बाजूला त्याचेच दोन स्क्रू असतात. या सगळ्यांना एका टेबलावर बसवणारा ड्रायव्हर, म्हणजे जोडणीचं सॉफ्टवेअर, लिहिणं हे खरं किचकट काम. अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्टलंडला केपवेअर नावाची छोटी कंपनी १९९५ पासून एवढंच करत आली. आमच्यासारख्या लोकांच्या लॅपटॉपमध्ये तिचं सॉफ्टवेअर आधी पडतं, बाकीचं नंतर.

आता जीईची गंमत बघा. या खालच्या थरातलं सगळं त्यांच्याकडे आधीपासून होतं. जीई फॅनकचे पीएलसी होते. ९०-३० मालिकेचे रॅक आजही आमच्या भागात धूळ खात, पण बिनतक्रार चालू आहेत. सिम्प्लिसिटी नावाचं स्काडा होतं. २००२ मध्ये एमर्सनकडून इन्टेल्युशन घेतली, तिच्याबरोबर आयफिक्स हे आणखी एक स्काडा आलं. पुढे हिस्टोरियनसकट (मशिनांचा जुना डेटा साठवणारं) हे सगळं 'प्रोफिसी' नावाखाली बसलं. म्हणजे कारखान्याच्या जमिनीवर पाय रोवून उभी असलेली कंपनी. पण सगळा झोत सॅन रॅमॉनवर. आणि २०१८ मध्ये पीएलसीचा धंदा विकायला काढला, तो घेतला कोणी? एमर्सननंच! २०१९ च्या सुरुवातीला व्यवहार पुरा झाला.

स्वतःला औद्योगिक इंटरनेटची कंपनी म्हणवायचं आणि मशिनाला हात लागलेला असतो तोच धंदा विकायचा. मला हे कधीच उमगलं नाही.

टवाळखोर
पहिल्या दहात बसायचं, १५ अब्ज करायचे... बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

कावेरीकाठ
मामांचं बरंचसं पटलं, पण सॉफ्टवेअरवाल्यांची बाजूही मांडते. मी बंगळुरूला अशाच एका प्लॅटफॉर्मवर काम केलंय (कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका).

प्रेडिक्स क्लाउड फाउंड्रीवर (क्लाउडवर ॲप चालवायचं खुलं सॉफ्टवेअर) उभं होतं. त्यासाठी जीईनं २०१३ मध्ये त्यामागच्या पिव्होटल कंपनीत साडेदहा कोटी डॉलर घालून १० टक्के हिस्सा घेतला. तो निर्णय तेव्हा वाईट नव्हता. घोळ झाला तो पुढे: स्वतःची डेटा सेंटरं चालवायची ठरवली. म्हणजे थेट ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टशी पंजा लढवायचा. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडशी करार झाला, २०१७ मध्ये स्वतःच्या सेंटरचा नाद सोडून ॲमेझॉनकडे गेले. तोवर आधी लिहिलेलं बरंच पुन्हा लिहायची वेळ आलेली. त्याच वर्षी रॉयटर्सनं बातमी दिली होती की प्रेडिक्समधले दोष काढायला दोन महिने 'टाइमआउट' घेतला गेला. विकायला निघालेल्या मालाचं काम दोन महिने थांबवून दुरुस्ती, यावरून आत काय चाललं असेल ते समजा.

पण माझ्या मते मूळ दुखणं त्याहून आधीचं. प्लॅटफॉर्म सगळ्यांसाठी म्हणून बांधला गेला. टर्बाइन, लोकोमोटिव्ह, एमआरआय, तेलविहीर, सगळ्यांना एकच पाया. त्यामुळे त्यात सगळ्यांचं थोडंथोडं आलं आणि कुणाचंच काम पुरतं होईना. शिवाय सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक कोण? जीईचेच बाकीचे विभाग. घरातल्या घरात बिल फाडून विक्रीचा आकडा फुगतो, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्यातून कळत नाही. आणि बाहेरचे यायचे तर सीमेन्सची टर्बाइन वापरणारा आपला डेटा जीईकडे कशाला ठेवेल?

आमच्याकडेही हेच पाहिलं. प्रत्येक तिमाहीला नवीन 'व्हर्टिकल', म्हणजे नवा उद्योग. पहिल्याचं काम अर्धवट टाकून सगळे दुसऱ्यावर.

शंकेखोर
सगळेच जण एका सुरात लागले म्हणून जरा मोडता घालतो.

जीईकडचं सगळं सॉफ्टवेअर वाया गेलं, हे मला मान्य नाही. २०११ मध्ये त्यांनी स्मार्टसिग्नल घेतली. मशीनच्या नेहमीच्या वागण्याचं मॉडेल करून त्यापासूनची फारकत पकडणारी. वीजकेंद्रांत ती वापरात आहे. यंत्रांची तब्येत सांभाळणारं ॲसेट परफॉर्मन्सचं सॉफ्टवेअर आजही जीई व्हर्नोव्हा (जीईच्या वीजधंद्याची आता वेगळी झालेली कंपनी) विकते. म्हणजे नाव गेलं, जाहिराती गेल्या, १५ अब्ज गेले. उपयोगाचं होतं ते टिकलं. हे अपयश कसं?

आणि कावेरीताई, 'सगळ्यांसाठी एकच पाया' हे चूक म्हणता, पण ॲमेझॉननं नेमकं तेच केलं ना?

कावेरीकाठ
@शंकेखोर, ॲमेझॉननं सर्व्हर आणि स्टोरेज भाड्यानं दिलं. तुझ्या टर्बाइनचं बेअरिंग का तापतंय ते सांगतो, असं ते म्हणाले नव्हते. जीई तेही म्हणत होती आणि हेही.

ताळेबंद
सगळे तंत्रावर बोलतायत, जरा पैशाकडेही बघा. माझा धंदा आकड्यांचा.

प्रेडिक्स चांगलं असतं तरी २०१७-१८ मध्ये त्याला कोणी वाचवू शकलं नसतं. २०१५ मध्ये जीईनं अल्स्टॉमचा वीजधंदा सुमारे १० अब्ज डॉलरला घेतला आणि पाठोपाठ गॅस टर्बाइनची मागणी पडली. जानेवारी २०१८ मध्ये जुन्या विमा पॉलिसींपोटी १५ अब्ज डॉलर बाजूला काढावे लागणार हे बाहेर आलं. जून २०१८ मध्ये डाऊ निर्देशांकातून नाव गेलं, १९०७ पासून सलग होतं ते. इमेल्ट २०१७ मध्ये गेले, त्यांच्या जागी आलेले फ्लॅनरी वर्ष-सव्वा वर्षात गेले, मग लॅरी कल्प आले, बाहेरून आणलेले पहिलेच प्रमुख. घराला आग लागलेली असताना सॉफ्टवेअरच्या सातव्या वर्षाचा तोटा कोण भरणार?

वर आणखी खरेदी चालूच. २०१६ मध्ये सर्व्हिसमॅक्स (जागेवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर) ९१.५ कोटी डॉलरला घेतली. दोन वर्षांत तिचा मोठा हिस्सा सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीला विकायचं जाहीर केलं.

टर्नर, तुमचं 'कंपनीच आडवी आली' हे मत मला निम्मं पटतं. पण एक उलटा प्रश्न. ज्या धंद्याला सात वर्षांनंतरही मूळ कंपनीच्या पैशावर जगावं लागतं, त्याला धंदा म्हणायचं का?

गॅपव्होल्टेज
मी निवृत्त. विदर्भातल्या औष्णिक केंद्रात नोकरी झाली. तुम्हा मुलांची चर्चा वाचून जरा मौज वाटली.

२०१२ साली 'इंडस्ट्रियल इंटरनेट' आलं म्हणता. आमच्या टर्बाइनच्या प्रत्येक बेअरिंगपाशी बेंटली नेवाडाचे प्रॉक्सिमिटी प्रोब त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेले होते. शाफ्टला न टेकता तो किती हलतोय ते मोजायचं. प्रोब बसवताना मल्टिमीटर लावून गॅप व्होल्टेज उणे १० च्या आसपास येईपर्यंत नट हळूहळू फिरवायचा, मग लॉकनट आवळायचा. आवळताना प्रोब हटकून थोडा फिरतो, की परत पहिल्यापासून. एका मिलला (इंचाचा हजारावा भाग) २०० मिलिव्होल्ट हे गणित आमच्या पोरांना झोपेतसुद्धा विचारलं तरी यायचं. कंपन ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की अलार्म, आणखी वर गेलं की मशीन ट्रिप.

आता गंमत अशी की ही बेंटली नेवाडासुद्धा जीईचीच होती, २००२ मध्ये घेतलेली. मग २०१७ मध्ये बेकर ह्यूजबरोबर जीईच्या तेल-वायू धंद्याचं विलीनीकरण झालं, त्यात ती तिकडे गेली. वर मामांनी पीएलसीचं सांगितलं, त्यात ही भर.

सांगायचा मुद्दा हा की प्रोब कामाचा ठरतो तो मशीन महाग असतं म्हणून. २१० मेगावॅटचा संच तासभर बंद पडला तर काय नुकसान होतं ते सर्वांना माहीत असतं. टर्नरसाहेबांच्या लेथवर तेच गणित बसेल असं नाही.

अर्धाकपचहा
काका, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. वेगळा धागा काढा ना, वीजकेंद्रातल्या गोष्टींवर.

चाकणचा_पाहुणा
चाकणच्या 'ब्रिलियंट फॅक्टरी'बद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून. मी तिथे नोकरीला नव्हतो, पण माल पोचवायला जाणं-येणं असायचं. कारखाना छानच आहे. आणि तो बंदही पडलेला नाही. जीईचे तीन तुकडे झाले, २०२३ च्या जानेवारीत हेल्थकेअर वेगळी, २०२४ च्या एप्रिलमध्ये व्हर्नोव्हा वेगळी, उरली ती एरोस्पेस. त्या एरोस्पेसनं २०२४ मध्ये पुण्याच्या याच कारखान्यात २४० कोटी रुपयांवर रक्कम घालायचं जाहीर केलं. प्लॅटफॉर्मचं काय व्हायचं ते झालं, इंजिनाचे भाग बनतच राहिले.

टवाळखोर
चाकणला सेन्सर लावायचेच असतील तर तळेगाव चौकात लावा. ट्रक कधी हलणार याचा अंदाज कुठल्या मॉडेलला येतो ते बघू.

मोडबसमामा
@टवाळखोर तिथे गॅप व्होल्टेज कायम शून्य.

चार्ल्सनदी
बॉस्टनहून लिहितेय. धाग्यात एक पात्र राहिलंय, आणि ते पुण्याच्या जास्त जवळचं: पीटीसी. पुण्यात त्यांचं मोठं विकसन केंद्र आहे, इथल्या बऱ्याच जणांचा नातेवाईक तिथे असणार.

पीटीसी मुळात १९८५ ची, डिझाइनच्या प्रो-इंजिनिअर सॉफ्टवेअरवाली. आपल्यातले यांत्रिकी शाखेचे अर्धे लोक त्याच्यावरच त्रिमिती शिकले. जिम हेपलमन प्रमुख असताना त्यांनी कनेक्टेड मशिनांवर डाव लावला. २०१३ च्या अखेरीस थिंगवर्क्स हा आयओटी (मशिनं इंटरनेटला जोडायचा) प्लॅटफॉर्म ११.२ कोटी डॉलरला. २०१४ मध्ये ॲक्सेडा १७ कोटीला. आणि मग मामांची लाडकी केपवेअर १० कोटीला. म्हणजे जीईनं जमिनीवरचा धंदा विकला, तर पीटीसीनं तसाच धंदा विकत घेतला. २०१८ मध्ये ऑटोमेशनवाल्या रॉकवेलनं पीटीसीत १ अब्ज डॉलर घातले तेव्हा तर सगळ्यांना वाटलं, हेच जिंकणार.

जीईचं मुख्यालय २०१६ मध्ये बॉस्टनला फोर्ट पॉइंटला आलं, पीटीसी २०१९ च्या सुरुवातीला सीपोर्टला. चालत जाण्याइतकं अंतर. जीईची नियोजित इमारत मात्र झालीच नाही. २०१९ मध्ये जागा विकली आणि राज्य सरकारचे ८.७ कोटी डॉलर परत केले.

ताळेबंदांनी सर्व्हिसमॅक्सचा विषय काढला, तिची पुढची गोष्ट ऐका. सिल्व्हर लेककडून ती कोणी घेतली असेल? पीटीसीनं! २०२३ च्या जानेवारीत, १४६ कोटी डॉलरला.

आणि आता शेवट. सप्टेंबर २०२५ मध्ये जीई व्हर्नोव्हानं प्रोफिसी ६० कोटी डॉलरला विकायचं जाहीर केलं, टीपीजी या गुंतवणूक कंपनीला. दोन महिन्यांनी पीटीसीनं केपवेअर आणि थिंगवर्क्स विकायचं जाहीर केलं. कोणाला? त्याच टीपीजीला. दहा वर्षं एकमेकांच्या स्लाइडवर प्रतिस्पर्धी म्हणून झळकणारे एकाच दारात.

भोसरीचा_टर्नर
हे भारी आहे! मला प्रोफिसीचं माहीत होतं, पीटीसीचं अजिबात नाही.

शंकेखोर
@चार्ल्सनदी, म्हणजे पीटीसीनं मामांच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. खालचा थर घेतला, ड्रायव्हर घेतले, मग वर प्लॅटफॉर्म. तरी शेवटी बाहेर पडलेच. मग मामांचा सिद्धांत कुठे गेला? जमिनीवर पाय असूनही पडायचं असेल तर दोष पायांचा नव्हता.

मोडबसमामा
@शंकेखोर, प्रश्न चोख आहे. मी असं म्हणेन: केपवेअर बाजारात येऊन तीस वर्षं झाली. मालक बदलले, माझ्या गिऱ्हाइकांचं काही अडलं नाही. दरवर्षी सपोर्टचे पैसे भरतात, आणि पीएलसीचं नवीन मॉडेल आलं की त्याचा ड्रायव्हर येतो. हा संथ धंदा आहे. शेअर बाजाराला संथ धंदा आवडत नाही, खाजगी गुंतवणूकवाल्याला चालतो. पीटीसीला डिझाइन आणि पीएलएमवर (उत्पादनाची सगळी माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर) लक्ष द्यायचंय, त्यांनी विकलं. यात पडणं कुठे आलं?

शंकेखोर
म्हणजे मी जीईबद्दल वर जे म्हणालो तेच तुम्ही आता पीटीसीबद्दल म्हणताय. चला, निदान एका मुद्द्यावर एकमत झालं.

टवाळखोर
नावांची जत्रा बघा जरा. टॉम सीबेल यांची कंपनी २००९ मध्ये सी-थ्री एनर्जी. २०१६ मध्ये सी-थ्री आयओटी. २०१९ मध्ये सी-थ्री डॉट एआय. शेअर बाजारातलं चिन्ह? 'एआय'. सीमेन्सच्या माइंडस्फिअर या अशाच प्लॅटफॉर्मचं २०२३ मध्ये इनसाइट्स हब झालं. जाणकारांनी पुढच्या नावावर पैज लावावी.

कावेरीकाठ
@टवाळखोर 'आयओटी' हे चिन्हही गेलेलं आहे, समसाराकडे. आणि ती गोष्ट खरं तर या धाग्यात यायलाच हवी. संजीत बिस्वास आणि जॉन बिकेट, आधीची मेराकी सिस्कोला १.२ अब्जाला विकून २०१५ मध्ये हे सुरू केलं. सेन्सरपासून सुरुवात झाली, पण गिऱ्हाईक मिळालं ते ट्रकवाल्यांमध्ये. मग ट्रकवरच जोर दिला. ड्रायव्हरसमोर कॅमेरा, गाडी कुठे आहे, किती तास चालवली. अमेरिकेत ट्रकचालकाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद कायद्यानंच लागते, म्हणजे मागणी आयतीच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये शेअर बाजारात आले. 'सगळ्या उद्योगांचा पाया' वगैरे घोषणा न देता एकाच गिऱ्हाइकाचं एकच दुखणं धरलं.

ताळेबंद
नफ्याचं बोला पण. समसारालाही बरीच वर्षं तोटाच होता. विक्री वाढतेय म्हणून बाजार थांबला एवढंच.

पंचगंगा
कोल्हापूरहून, शिरोलीतून. फाउंड्रीत आहे, मेंटेनन्स बघते. आमचा अनुभव लिहिते, टर्नरदादांना उपयोग होईल.

आधी एका कंपनीकडून मशीन बंद पडण्याची कारणं नोंदवणारी सिस्टीम घेतली. मशीन थांबलं की स्क्रीनवर यादी येणार, ऑपरेटरनं कारण दाबायचं, मगच स्क्रीन मोकळी. यादीत सगळ्यात वर 'मटेरियल नाही'. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला, निम्म्याहून जास्त वेळ मटेरियल नसल्यामुळे मशीन बंद! स्टोअरचे साहेब रिपोर्ट हातात घेऊन शॉपवर आले आणि मोल्डिंगपाशी सगळ्यांदेखत विचारलं, "कधी नव्हतं मटेरियल? तारीख दाखव." कोणालाच दाखवता येईना. हातमोजे घातलेला माणूस यादी खाली सरकवत बसत नाही, जे पहिलं दिसतं ते दाबतो. विक्रेत्याला सांगितलं, यादी बदला. तर म्हणे त्याला 'चेंज रिक्वेस्ट' लागेल आणि वेगळे पैसे पडतील.

दुसरीकडे नुसते एनर्जी मीटर बसवले, इंडक्शन फर्नेसला आणि कॉम्प्रेसरला. मोडबसवरून वाचायचे, ऑफिसातल्या एका पीसीवर आलेख. काही हुशारी नाही त्यात. पण रविवारी सगळं बंद असतानाही कॉम्प्रेसर थोड्याथोड्या वेळानं लोड घेतोय हे दिसलं, म्हणजे हवा गळतेय. लोक साबणाचं पाणी घेऊन पाइपलाइनवर फिरले. हे काम माणसाला काहीच दाबायला न लावता झालं, म्हणून टिकलं.

गॅपव्होल्टेज
पंचगंगाताई, रविवारी मीटर बघायची सवय फार चांगली. आमच्याकडेही संच बंद असताना सहायक यंत्रांची वीज किती जाते यावर वरचे साहेब विचारायचे, आणि तेव्हाच खरी झाडाझडती व्हायची.

भोसरीचा_टर्नर
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येतो. मालकांशी पुन्हा बोललो. धाग्यातलं टीपीजीचं वाचून दाखवलं तर हसले आणि म्हणाले, "म्हणजे मशीन विकणारे श्रीमंत, मशीनची माहिती विकणारे विकले गेले." पण करायचंच नाही असंही नाही म्हणाले. त्यांचा प्रश्न साधा आहे: लेथ शिफ्टमध्ये खरोखर किती वेळ कापतात? रजिस्टरमध्ये सगळं हिरवंगार, आणि माल मात्र उशिरा.

विक्रेत्याचा आग्रह सगळी मशिनं एकदम आणि तीन वर्षांचा करार असा आहे. काय करू?

कावेरीकाठ
करार सही करायच्या आधी एक कलम तपासा: सोडून जायचं झालं तर तुमचा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल. क्लाउडवाले कितीही मोठे असले तरी सेवा बंद करतात. गूगलनं आपलं आयओटी कोअर १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केलं, वर्षभर आधी सांगून. ज्यांचं बांधकाम एमक्यूटीटीसारख्या खुल्या प्रोटोकॉलवर होतं, त्यांना सर्व्हरचा पत्ता आणि लॉगिनची पद्धत बदलून दुसरीकडे जाता आलं. बाकीच्यांना बरंच खणावं लागलं. हे एमक्यूटीटीही नवं नाही हं, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला काढलेलं.

ताळेबंद
तीन वर्षांचा करार अजिबात नको. दर महिन्याचं भाडं आणि एका मशीनचा तासाचा दर शेजारी लिहा. त्या भाड्यात किती मशीन-तास वाचले पाहिजेत ते लगेच दिसेल.

मोडबसमामा
एकदम सगळी मशिनं नकोत. ज्या मशीनमुळे माल अडतो ते एकच घ्या.

फॅनक कंट्रोलर असेल आणि इथरनेटचा पर्याय चालू असेल तर फॅनकच्याच फोकस लायब्ररीवरून पार्ट काउंट, प्रोग्राम नंबर, अलार्म सगळं वाचता येतं. नसेल तर टॉवर लॅम्पच्या (मशीनवरचा रंगीत दिव्यांचा खांब) हिरव्या दिव्याची २४ व्होल्टची तार एका रिलेवर घ्या आणि रिलेचा संपर्क छोट्या इनपुट मॉड्यूलला. मूळ तारेला थेट काही जोडू नका, वॉरंटीवाला येऊन ओरडेल.

पण एक सावध करतो. हिरवा दिवा म्हणजे कापतंय असं नाही. ऑपरेटरनं फीड ओव्हरराइड (हत्याराचा वेग कमी-जास्त करायची कळ) शून्यावर नेऊन ठेवला, चहाला गेला, तरी सायकल चालू म्हणून हिरवा तसाच. म्हणून दिव्याबरोबर पार्टची संख्याही घ्या, प्रोग्राम संपवणाऱ्या एम-३० या आदेशावरून. दोन आकडे शेजारी ठेवले की मालकांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आठवड्यातच मिळेल, आणि त्याला क्लाउड लागणार नाही.

पंचगंगा
मामांना +१. आणि कृपा करून ऑपरेटरला आधी सांगा, हे कशासाठी लावतोय ते. आमच्याकडे न सांगता लावलेल्या सेन्सरच्या तारा दोनदा 'चुकून' तुटल्या.

अर्धाकपचहा
'चुकून' :-)

शंकेखोर
माझ्या लक्षात आलंय की जीईवर सुरू झालेला धागा रिलेवर येऊन थांबलाय. आक्षेप नाही, नोंद करतोय.

भोसरीचा_टर्नर
ठरलं. शाफ्टच्या लाइनवरचा एक सीएनसी लेथ, मामांच्या पद्धतीनं. विक्रेत्याला सांगितलंय की नंतर बघू.

मामा, अजून एकच विचारतो. कोपऱ्यात एक जुना एचएमटी लेथ आहे, त्यावर रफिंग करतो. त्याला ना कंट्रोलर, ना टॉवर लॅम्प. त्याचं काय?

मोडबसमामा
त्याचं सगळ्यात सोपं. स्पिंडल मोटरच्या एका फेजवर उघडता येणारा सीटी (करंट मोजायचं कडं) अडकवा. तार कापायची गरज नाही, क्लिप करून बसतो. एक शिफ्ट नुसता करंट नोंदवा. स्पिंडल रिकामा फिरताना किती आणि रफिंगचा कट घेताना किती, हे आलेखावर दोन वेगळ्या पायऱ्यांसारखं दिसेल. त्या दोघांच्या मधे रेघ मारा, वर म्हणजे कापतंय. मोटरला नंतर कोणी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला असेल तर सीटी ड्राइव्हच्या आउटपुटला लावू नका, इनपुटकडे लावा, नाहीतर रीडिंग भरवशाचं येणार नाही. पॅनल उघडायच्या आधी मेन बंद. आणि फोटो टाका इथे.